भाऱ्याला हात

सोमवारी सकाळी चंदूला काट्यावर उभं करायचं म्हणजे मारक्या बैलाला नाल ठोकायचा. तिघांनी तीन बाजूंनी धरलं तरी लाथ कुणाला बसेल, ते सांगता यायचं नाही.

बदलापूर गावातल्या त्या घराला वर स्लॅब पडला होता, पण पडवी चंदूने सारवणाचीच ठेवली होती. तिच्यात एकच चौकोनी फरशी बसवली होती, ती सुनेच्या हट्टाने. प्राचीचं म्हणणं, काटा सपाट जागी नसला तर आकडा खोटा येतो. ती केमिस्ट्री शिकलेली, माहेर अंबरनाथचं, शिवमंदिराच्या मागल्या आळीतलं. आकडा खोटा येणं तिला खपायचं नाही.

"बाबा, कोयता काढा."

"नाय काढनार."

चंदूच्या कमरेला मागे लाकडी आकडी बांधलेली असायची आणि आकडीत कोयता. अंघोळीला नि झोपायलाच तो ती सोडायचा. दर सोमवारी हा वाद व्हायचा आणि दर सोमवारी प्राची हरायची. शेवटी तिने कोयता आकडीसकट तोलून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता, आठशे चाळीस ग्रॅम. तेवढे वजा करायचे.

चंदू लुंगी सावरत चढला. आकडे हलले आणि थांबले.

"एकोणपन्नास. म्हणजे अठ्ठेचाळीस पॉइंट दोन," प्राची म्हणाली. "आई, बघा. मागच्या सोमवारी पण अठ्ठेचाळीस दोन. त्याच्या आधी एक. एकदम स्टेबल."

सगुणाबाई चुलीपाशी बसून ऐकत होती. अकरा महिन्यांपूर्वी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात चंदूची अन्ननलिका काढली होती. उजव्या बरगड्यांतून छाती उघडली, जठराची नळी करून वर ओढली आणि गळ्यात जोडली. त्यानंतर केमोचे डोस झाले. आता दर तीन महिन्यांनी उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये, डॉक्टर कीर्ती मॅडमकडे दाखवायचं, आणि घरी दर सोमवारी वजन. मॅडमनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या. वजन दोन किलोंनी घटलं किंवा घास अडकायला लागला, तर तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी यायचं.

"बाबा, घास अडकतो का? भाकरी? पाणी?"

चंदूचा आवाज पूर्वी नदीपल्याड जायचा. आता तो फाटक्या भात्यासारखा फसफसत यायचा. "तुज्या बापाच्या नरड्यात अडकतो का, त्यो बग आधी!" आणि काट्यावरून उतरून बाजूला ठेवलेली पेजेची वाटी त्याने भिरकावली. ती भिंतीवर आपटून प्राचीच्या घोट्यावर आली. घोटा फुटला.

प्राचीने पदराने रक्त दाबलं, ओठ आवळले आणि वहीत लिहिलं: 'घास – माहिती दिली नाही.'

सगुणाबाई फडकं घेऊन भिंत पुसायला उठली. वाटी काठोकाठ भरलेली होती, हे तिला सांडलेल्या पेजेवरून कळलं. तासभर ती वाटी त्याच्यापुढे होती.

"एक घोट बी नाय घेतला तुमी."

"भूक नाय."

"काल बी नव्हती."

"काल तू बाजूला बसून तोंडाकडं बगत व्हतीस, गिधाडावानी. म्हनून नव्हती."

ती भिंत पुसत राहिली. तीस वर्षं ती असंच करत आली होती. चंदू चटकन मारायचा. बैलाला, मजुराला, तिला, एकदा ग्रामसेवकाला. आजारानंतर त्याला उजवा हात खांद्याच्या वर नेता येईना, तेव्हापासून तो फेकून मारायला शिकला होता.

बुधवारी ती दोघं माळावर गेली. फाल्गुन संपत आला होता, राबाचे दिवस. ज्या तुकड्यात भाताचं रोप टाकायचं, तिथे पाला, गवत नि शेण अंथरून जाळायचं. तो राब नीट भाजला नाही तर रोपाआधी तण वर येतं. गावाच्या भोवती आता चौदा-चौदा मजल्यांचे टॉवर उभे होते, पण चंदूचे वीस गुंठे अजून भाताचे होते आणि त्याच्या नि भावाच्या शेताच्या मधल्या बांधावर ऐनाची सात झाडं होती. पाला त्या ऐनांचा. बापाने मरताना वाटणी केली होती, चार चंदूचे, तीन थोरल्या भावाचे, शंकररावांचे.

सकाळी अमितने, त्यांच्या मुलाने, दोन झाडं सवळून, डहाळ्या छाटून दिली आणि तो अंबरनाथच्या कंपनीत दुपारपाळीला निघून गेला. सगुणाबाई डहाळ्या गोळा करून भारे बांधत होती. सावलीत बसून चंदूने आपल्या भाकरीतले चार तुकडे ताकात बुडवून खाल्ले. मान पुढे काढून, डोळे मिटून, कोंबडी गिळते तसा तो गिळत होता. सगुणाबाईने पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं.

तासाभराने वर फांदी तुटल्याचा आवाज आला. बांधावरच्या चौथ्या ऐनावर शंकररावांचा मजूर चढला होता, आणि खाली पांढऱ्या बनियनमध्ये हातात काठी घेऊन शंकरराव स्वतः उभे होते. चंदूपेक्षा सहा वर्षांनी मोठे, पण आता दिसायला दहा वर्षांनी लहान.

"दादा, चवथा माज्या वाट्याचा हाय," चंदू उठत म्हणाला.

"व्हता. औंदा चढतोस का? चढून दाखव. चढलास त सातच्या सात तुजे."

"माजा पोर चढंल."

"पोर कंपनीत. तू खाली. पाला काय तुजी वाट बगत झाडावर बसंल?" शंकररावांनी वर पाहून मजुराला खूण केली. "तोड रं."

"तोडू नको, सांगतो."

"काय सांगतंस? आयकाया येत नाय. पोट नरड्यात आनून ठेवलाय म्हनं डाक्टरनी. तू बोललास का ढेकर दिलास, ते बी कलत नाय मानसाला."

मजूर झाडावरून हसला. पुढची फांदी चंदूच्या पायाशी पडली.

सगुणाबाई भाऱ्याची गाठ टाकत होती. तिने मान वर केली तोवर आकडी रिकामी झाली होती. चंदूचा उजवा हात वर जात नव्हता, म्हणून कोयता खालून वर आला, गवत कापताना येतो तसा. शंकररावांनी डावा हात आडवा घातला. कोपराखालचं मांस उघडलं. आधी ते पांढरं दिसलं, नारळाच्या खोबऱ्यासारखं, आणि मग एकदम लाल झालं.

शंकरराव ओरडले नाहीत. त्यांनी उजव्या हाताने काठी फिरवली. ती चंदूच्या उजव्या बरगडीवर बसली, बरोबर टाक्यांच्या जागेवर. कोरड्या लाकडावर लाकूड आपटल्यासारखा आवाज झाला. चंदू गुडघ्यांवर आला. दुसरी काठी खांद्यावर. तिसरी उचललेली वरच राहिली, कारण चंदू ओकायला लागला होता.

सगुणाबाई धावत आली. तिने त्याचं कपाळ धरलं. बाहेर आलं ते फेसाळ, चिकट, आणि त्यात भाकरीचे तुकडे होते. चारही. तिने मोजले. ते ताकात बुडवले तसेच होते, आंबट वासाचा मागमूस नव्हता. तासाभरापूर्वी खाल्लेला घास पोटापर्यंत पोचलाच नव्हता.

कोयता पालापाचोळ्यात पडला होता. मजूर झाडाला चिकटून बसला होता. चंदूचे डोळे फिरले आणि तो आडवा झाला.

"आडवा नको!" सगुणाबाई किंचाळली. ह्या माणसाला आडवं ठेवायचं नसतं, पोटातलं सगळं वर येऊन छातीत जातं, हे तिला पाठ होतं. रस्ता चार बांधांपलीकडे. गाडी इथे येत नाही. तिने पदर खोचला, त्याच्या पुढ्यात पाठ करून बसली, त्याचे दोन्ही हात आपल्या खांद्यांवरून ओढून घेतले आणि मान वळवली.

"भावजी, हात लावा."

शंकरराव पंचा दाताने ओढून हाताला गुंडाळत होते. पंचा लाल होत होता.

"सगुणा, ह्यानी माजा हात तोडला."

"बगितला मी. भाऱ्याला हात लावा."

डोक्यावर भारा घेणाऱ्या बाईला भारा एकटीने उचलता येत नाही. दुसऱ्याने हात लावावा लागतो. वाटेने कोणीही जात असो, सोयरा, परका, ज्याच्याशी पाण्यावरून डोकी फुटली आहेत तो, तिने हाक मारली की थांबायचं, हात लावायचा आणि चालू लागायचं. नाही म्हणायचं नाही. त्या माळावर आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

शंकररावांनी काठी टाकली. उजवा हात चंदूच्या काखेत घातला आणि उचलला. सगुणाबाई उठली. ते क्षणभर तसेच थांबले, हात न काढता.

"सगुणा," ते हळू म्हणाले, "ह्यो हलका झालाय."

तिला ते उठतानाच कळलं होतं. लग्न होऊन आल्यापासून ती माळावरचं गवत डोक्यावरून वखारीत नेत आली होती. वखारीचे सिंधी शेठ काट्यावर टाकायच्या आधी तिलाच विचारायचे, "बोलो मौसी, कितना?" ती सांगायची छत्तीस, आणि काटा छत्तीस सांगायचा. साडेछत्तीस झाला तर शेठ काटा तपासून घ्यायचे. चार बांध ओलांडेपर्यंत तिची मान एकच आकडा सांगत राहिली. चव्वेचाळीस. वर नाही, खाली नाही. पाठीवर त्याची लाळ गळत होती.

रिक्षाने घरी येईतो चंदू शुद्धीवर आला होता. प्राचीने त्याला पडवीतल्या खाटेवर त्याच्या तीन उशांना टेकवून बसवलं. बरगडी दाबून पाहिली. मोडल्यासारखी वाटली नाही.

"चव्वेचालीस," सगुणाबाई दारातच म्हणाली.

"काय?"

"ह्यांचा वजन."

"आई, परवाच अठ्ठेचाळीस दोन होतं. दोन दिवसांत चार किलो नाही जात."

"मी आनला ह्यांना पाठीवर. चव्वेचालीस."

प्राचीने वाद घातला नाही. ती आत गेली, पाच किलो तांदळाच्या दोन बंद पिशव्या घेऊन आली आणि एकेक करून काट्यावर ठेवली. पाच. दहा. काट्याची चूक नव्हती. मग तिने वही उघडली आणि मागच्या आठवड्यांची पानं उलटी-सुलटी केली. अठ्ठेचाळीस दोन, एक, दोन, तीन, दोन.

"हे आधीच बघायला पाहिजे होतं मी," ती स्वतःशीच पुटपुटली. "इतकं सरळ कोणाचं वजन राहतं? माझंच आठवड्यात अर्धा किलो खालीवर होतं."

"काटा खोटा नाय," सगुणाबाई म्हणाली. "माजी मान खोटी नाय. मंग खोटा कोन?"

चंदू भिंतीकडे तोंड करून बसला होता. "ऱ्हावा गप दोगी. नायतर उठंन."

सगुणाबाईची नजर त्याच्या डोक्यावरच्या खुंटीवर गेली. तिथे पाग टांगलेला होता, नदीत फेकायचं जाळं, ज्याच्या घेराला शिशाचे मणी ओवलेले असतात. आजारापासून तो खाली काढलेला नव्हता. पंख्याच्या वाऱ्याने त्याचा घेर हलत होता. शिशाचा घेर पंख्याने हलत नाही. तिने जाळं ओढलं. ते धपकन पडायला हवं होतं. ते जुन्या लुगड्यासारखं तरंगत खाली आलं. अर्ध्याहून जास्त घेर रिकामा होता. शिसं त्याच्या हाताशीच कुठेतरी असणार.

ती चंदूच्या पाठीमागच्या उशांवर तुटून पडली. तिसऱ्या उशीच्या खोळीत हात घातला आणि ओढलं. चार हात लांब, दोरीत ओवलेली शिशाची सर बाहेर आली, थंड, गुळगुळीत, सापासारखी जड. लुंगीच्या आत कमरेला दोन वेढे बसतील एवढी.

"दे ती."

"कवापासून अडकतोय घास?"

"सगुने, दे म्हनतो."

"कवापासून?"

त्याने सरीचं टोक पकडलं आणि हिसका दिला. मग तीच फिरवली. शिसं तिच्या डाव्या गालफडावर बसलं. हाडावर कातडी फाटली आणि फरशीच्या त्या एका चौकोनावर रक्ताचे थेंब टपटपले. प्राची "बाबा!" म्हणून मध्ये पडली, तर दुसरा फटका तिच्या दंडावर.

"न्याल मना? परत न्याल?" तो उशांना पाठ लावून सर गरगर फिरवत होता, आणि फुटक्या आवाजात ओरडत होता. "अकरा दिस बांधून ठेवला मना तिकडं! चिंध्यांनी, हात पलंगाला! नाकात नली, तोंडात नली, माशी बसली तरी हाकलता येत नव्हती. पोरी येत व्हत्या नर्सा, लेकीच्या वयाच्या, 'बाबा, हात ओढू नका.' मना! चंदूला! ज्यानी माजे हात धरले त्याचे दात पाडलेत मी! मी हिकडंच मरंन. माज्या हातात कोयता असताना मरंन."

दम लागून तो थांबला. सर मांडीवर पडली. 

सगुणाबाईने पदराने गाल दाबला नाही. रक्त हनुवटीवरून चोळीवर उतरू दिलं. तीस वर्षांत तिने त्याला एकेरी हाक मारली नव्हती.

"मारलास? झाला तुजा? आता चल."

ती पुढे गेली. त्याने तिला लाथ घातली. लाथ ओटीपोटात बसली. ती वाकली, पण थांबली नाही. तिने त्याची मनगटं पकडली, पाठ केली, हात खांद्यांवरून ओढले आणि उठली. ह्या वेळी कोणी हात लावायला नव्हतं, पण चव्वेचाळीस किलो ती रागात एकटी उचलू शकत होती. चंदूने तिच्या खांद्यात दात रोवले. ती पडवी उतरली. अंगण ओलांडलं. शेजारच्या दोन बायका दळण घेऊन थबकल्या. चंदू झटापट करत होता, त्याची लुंगी सुटत होती, आणि प्राची मागून एका हाताने ती धरत, दुसऱ्या हातात वही आणि शिशाची सर घेऊन धावत होती.

रस्त्यावर रिक्षापाशी शंकरराव उभे होते. दवाखान्यातून परतले होते, हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत.

"सतरा टाके," ते म्हणाले. "डाक्टरनी इचारला कशानी. मी बोललो, कोयता सटकला."

सगुणाबाई धापत म्हणाली, "उपकार झाले."

"उपकार कसले? पोलिसात जानारच हाय मी. सोडनार नाय ह्याला. पन आधी दाखवून आन. मेल्या मानसावर केस कोन टाकील?" आणि त्यांनी धड हाताने चंदूला पाठीवरून उतरवून रिक्षात बसवलं. चंदू त्यांच्या तोंडावर थुंकला. शंकररावांनी पट्टीच्या हाताने गाल पुसला. "थुंकाया बी जोर नाय ऱ्हायला बग," ते म्हणाले.

कॅम्प दोनच्या बाजारात रिक्षा अर्धा तास अडकली. खाली दुकानं, वर जीन्स शिवायचे कारखाने, त्यांच्या मशीनींचा घरघराट जिन्यापर्यंत येत होता. कीर्ती मॅडमचं सेंटर दुसऱ्या मजल्यावर होतं. मॅडम चाळिशीच्या, बारीक, आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी आधी सगुणाबाईच्या गालाकडे पाहिलं.

"ये क्या हुआ, मावशी?"

"दार लागला."

मॅडमनी चंदूकडे पाहिलं, मग प्राचीच्या दंडावरच्या वळाकडे. "एकच दार दोघींना?" असं म्हणून त्यांनी सिस्टरला गाल साफ करून टाके घालायला सांगितलं. "घरात भीती वाटत असेल तर मला सांगायचं. ते वेगळं बोलू. आधी ह्यांचं."

चंदूला काट्यावर उभं केलं. चव्वेचाळीस पॉइंट शून्य.

"किती दिवसांत उतरलं? हे मला नीट हवं. हळूहळू की आत्ता एकदम?"

प्राचीने वही पुढे केली नाही. वही कितीतरी आठवडे खोटं बोलली होती. तिने टेबलावर शिशाची सर ठेवली आणि मग तिचं लक्ष गेलं. सर एकसारखी नव्हती. काही मण्यांनंतर दोरीला मुद्दाम मारलेली एक गाठ होती, पुढे मणी, पुन्हा गाठ. तिने गाठी मोजल्या. नऊ.

"मॅडम, दोन मिनिटं."

तिने सगळी सर काट्यावर ठेवली, चार किलो शंभर. मणी मोजले, दोनशे पाच. भागाकार केला, एक मणी वीस ग्रॅमचा. मग गाठीगाठीतले मणी मोजत गेली. पहिल्यात सहा. मग नऊ, पंधरा, अठरा, चोवीस, सत्तावीस, तीस, पस्तीस. शेवटच्यात एक्केचाळीस. तिने वहीच्या कोऱ्या पानावर नऊ ठिपके काढले आणि जोडले. रेघ आधी सावकाश आणि मग खडी होत खाली उतरली.

मॅडमनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. "नुसतं घटत नाहीये. घटायचा वेग वाढतोय. शेवटच्या आठवड्यात आठशे ग्रॅम." त्यांनी सर हातात घेतली. "काका, हे तुम्ही केलं?"

चंदूने जमिनीकडे पाहत होकार दिला.

"प्राची अंघोळीला जायची तवा आधी मी चढायचो," तो म्हणाला. "कमी भरला तेवढा शिसा घालायचा."

"ते कळलं. पण गाठी कशाला मारल्या?"

मॅडमच्या हातातल्या सरीची एक गाठ त्याने अंगठ्याने चाचपली. 

"मना तरी ठावा पायजे ना, किती गेलो ते."

दुर्बीण घालायच्या टेबलावर त्याला कुशीवर निजवलं, डोक्याकडची बाजू वर करून. घशात औषधाचा फवारा मारला. तोंडात प्लॅस्टिकची कडी बसवली तशी त्याने मान झटकून ती थुंकून टाकली. वॉर्डबॉय पट्टे घेऊन पुढे आला.

"बांधू नका," सगुणाबाई म्हणाली. "हात मी धरते."

"मावशी, पेशंट हलला तर आतून फाटेल."

"नाय हलनार."

मॅडमनी मानेने होकार दिला. वॉर्डबॉय मागे झाला. सगुणाबाई टेबलाच्या कडेला गुडघ्यांवर बसली आणि तिने त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. कडी पुन्हा बसवली आणि काळी नळी आत गेली. चंदूचं सगळं शरीर धनुष्यासारखं ताणलं, पाय पत्र्यावर आपटले, डोळे बाहेर आले, नाकातून पाणी वाहिलं. घशातून येणारा आवाज माणसाचा नव्हता. त्याची नखं तिच्या मनगटांत घुसली. तिने हात सैल केले नाहीत. त्यानेही ओढले नाहीत. गालाचं ताजं ड्रेसिंग ओलं होऊन एक थेंब त्यांच्या जुळलेल्या बोटांवर पडला.

"जोडापाशी अरुंद झालंय. नळी पुढे जात नाही," मॅडम पडद्याकडे पाहत म्हणाल्या. "तपासायला तुकडा घेते. मग फुग्याने थोडं रुंद करू, पाणी तरी जाईल."

फुगा फुगला तेव्हा चंदू ओरडला असता, पण तोंडात कडी होती. ओरडणं त्याच्या हातांतून तिच्या हातांत उतरलं. डाव्या करंगळीचं हाड कडकडलं. ती "अगं आई" एवढंच म्हणाली.

रिपोर्ट शनिवारी आला. अमित सुट्टी घेऊन गेला होता. त्याने पडवीत उभ्यानेच सांगितलं. आजार परत आलाय, जोडाच्या जागीच. सीटी स्कॅनमध्ये दुसरीकडे पसरलेला दिसत नाही. पाच आठवडे किरणं, सोबत औषधं, आणि आधी वजन धरायला पोटात नळी. मॅडम म्हणाल्या, नऊ आठवडे फुकट गेलेत. पुढच्या तारखेची वाट बघितली असती तर त्यांच्या हातात काहीच उरलं नसतं.

"आन ऐन?" चंदूने विचारलं.

"काय?"

"चवथा ऐन. काय झाला?"

"काकांनी नेला सगळा पाला. काल त्यांचा राब भाजून झाला."

"आन केस?"

"टाकली."

चंदूने मान हलवली, आपला भाऊ ओळखीचाच निघाला म्हणून समाधान वाटल्यासारखी.

सोमवार आला. नळी बसवायला दहा वाजता निघायचं होतं. प्राचीने फरशी पुसून काटा ठेवला. फरशीच्या सांध्यात रक्ताची रेघ काळी होऊन बसली होती. ती ब्रशनेही निघाली नव्हती. ती वही उघडून बसली.

चंदू आतून आला. कोयता पोलिसांनी नेला होता, पण आकडी अजून कमरेला होती, रिकामी. त्याने ती सोडली. बनियन काढलं. लुंगी सोडून तो लंगोटीवर उभा राहिला, छातीच्या उजव्या बाजूने पाठीपर्यंत गेलेला टाक्यांचा लांब व्रण आणि त्यावर काठीचा जांभळा-पिवळा पट्टा सगळ्यांना दिसेल असा. मग तो काट्यावर चढला.

"त्रेचाळीस पॉइंट सहा," प्राची म्हणाली, आणि लिहिलं.

कपडे चढवून तो पडवीच्या पायरीवर बसला. रिक्षा आली. त्याने उठायचा प्रयत्न केला. अर्धा उठला आणि पुन्हा खाली बसला. दुसऱ्यांदा प्रयत्न केला. अमित पुढे झाला तर त्याने डोळे वटारले. अमित जागीच थांबला.

सगुणाबाई दाराला टेकून उभी होती. गालावर चार टाके, डाव्या करंगळीला पट्टी, खांद्यावर चोळीखाली त्याच्या दातांची खूण. ह्या वेळी आपणहून पुढे व्हायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. त्याने एकदा रिक्षाकडे पाहिलं, एकदा खुंटीवरच्या हलक्या झालेल्या जाळ्याकडे. मग तिच्याकडे न पाहता, फुटक्या आवाजात म्हणाला,

"हात लाव."

ती लगेच हलली नाही. मग पदर खोचून आली आणि तिने त्याच्या काखेत हात घातला.